बाबांच्या सीटीत ‘आर्टेरिओपोर्टल शंट’ लिहिलंय, म्हणजे पसरलंय का?

मिरजेची_लेक: बाबांना लिव्हरमध्ये गाठ आहे, एचसीसी म्हणजे लिव्हरचाच कॅन्सर. ट्रायफेजिक (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेल्या) सीटीत लिहिलंय की आर्टेरियल फेजमध्येच पोर्टल व्हेनची उजवी फांदी भरली, शंट असावा. आता टेसच्या (आर्टरीतून गाठीत औषध सोडून तिचं रक्त बंद करतात, त्या उपचाराच्या) आधी अँजिओ करून बघू म्हणतायत. सीटीत दिसलंच ना मग परत अँजिओ कशाला? आणि शंट म्हणजे कॅन्सर पसरला का? कोणी नीट सांगतच नाही.

फिल्मवाला_डॉक्टर: ताई, लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, साधारण ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून आणि उरलेलं आर्टरीतून, पण एचसीसीची गाठ मुख्यतः आर्टरीवरच जगते. सीटीत डाय आधी आर्टरीत दिसतो, पोर्टल नंतर भरते. इथे ती आर्टरीबरोबरच उजळली म्हणजे मधे कुठेतरी थेट जोड झालाय, त्यालाच शंट म्हणतात. अशा वेळी लिव्हरचा पाचरीसारखा तुकडाही चमकतो, ती गाठ नसते, पुढच्या फेजमध्ये बाकीच्या लिव्हरसारखाच दिसतो (नवे रेसिडेंट इथे हमखास फसतात). पसरलं का ते नुसत्या शंटवरून नाही कळत, सिऱ्होसिसमध्ये नाहीतर बायोप्सीची सुई गेल्यावरही छोटे शंट होतात. रिपोर्टात पोर्टल व्हेन ट्यूमर थ्रॉम्बस (म्हणजे गाठ त्या शिरेत शिरलीय) लिहिलंय का ते बघा, ते महत्त्वाचं.

मिरजेची_लेक: थ्रॉम्बस नाही लिहिलेलं. मग अँजिओ?

फिल्मवाला_डॉक्टर: सीटी म्हणजे ठरलेल्या सेकंदांना काढलेले फोटो. अँजिओत, म्हणजे डीएसएत, कॅथेटर थेट लिव्हरच्या आर्टरीत नेऊन डाय सोडतात, कुठल्या फांदीतून किती जोरात पळतोय ते तिथेच दिसतं. शंट मोठा असेल आणि तसंच टेस केलं तर औषध गाठीत न थांबता चांगल्या लिव्हरमध्ये जाणार, म्हणून आधी जेलफोम (विरघळणारा स्पंज), कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) नाहीतर ग्लूने तो बंद करतात. बहुतेक वेळा त्याच सिटिंगला.

काकांसाठी_आलोय: आमच्या काकांचं वाय-९० (आर्टरीतून गाठीत किरणोत्सारी कण सोडतात ते) ठरलं होतं, त्याच्या आधी एमएए स्कॅन (कण कुठे जातील ते बघायची चाचणी) केला. त्यांचा शंट हिपॅटिक व्हेनकडे (लिव्हरमधून हृदयाकडे रक्त नेणारी शीर) होता, म्हणजे कण सरळ फुप्फुसात. फुप्फुसाला एका वेळी ३० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) वर डोस जाऊ देत नाहीत, काकांचा हिशोब वर गेला आणि बेत रद्द, मग गोळ्यांवर ठेवलं. अजून एक, तुमच्या बाबांसारख्या पोर्टलकडच्या शंटमुळे पोर्टलचं प्रेशर वाढतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून रक्ताची उलटी होऊ शकते, एंडोस्कोपी झालीय का विचारा.

फिल्मवाला_डॉक्टर: +१. आणि जाताना सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको.

मिरजेची_लेक: सीडी आहे. एंडोस्कोपीचं अजून कोणी बोललंच नाही, सोमवारी विचारते.