पट्ट्यापेक्षा पावतीपुस्तकाची जागा बदला

ताई, जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) ऑफिसात कापसाच्या पावत्या टाइप करून मान धरली म्हणता, अन् वरच्या कमेंटमधले भाऊ म्हणतात मानेला पट्टा लावा. दिवसभर पट्टा नका लावू, स्नायू आणखी ढिले पडतात. पावतीपुस्तक टेबलावर सपाट अन् स्क्रीन बाजूला असेल तर दर पावतीला मान खाली-वर होते. पुस्तक जुन्या फायलींना टेकवून स्क्रीनशेजारीच तिरपं उभं करा. अर्ध्या तासानं उठून वजनकाट्यापर्यंत चक्कर मारा. कटिंगच्या दुकानात मान कडकन मोडून घेणं मात्र बंद म्हणजे बंद, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. हाताला मुंग्या आल्या तर डॉक्टरच गाठा.

ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो का, असं विचारलंत. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत (ईएसआयसीची मर्यादा) असला तरी नुसतं जिनिंग-प्रेसिंग (गाठी बांधणं) करणारा कारखाना कायद्यानं हंगामी धरतात, त्याला ती लागूच नाही. सोबत सरकीची ऑइल मिल वगैरे असेल तर विचारून पाहा, लागू असली तर पगारातून ०.७५ टक्के कटलेले दिसतील, मालकाचे ३.२५ वेगळे. सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना दवाखान्यात भरती होण्याच्या उपचारांसाठी, मानेच्या उसणीला कामाची नाही. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयात दाखवा, फिजिओथेरपीसाठी जिल्ह्याला चिठ्ठी मागा.