मदत हवी आहे: चेंगदूत चरबीशिवायचे तांगयुआन

मंडळी, सध्या चीनमधल्या चेंगदूत आहोत, परवा निघायचंय. सोबत सासूबाई आहेत. त्यांना मांस, अंडं चालत नाही, दूध चालतं. सान दा पाओ खाल्लं, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे सोयाबीनच्या पिठात घोळवून वर गुळासारखा पाक. त्यांना फार आवडलं! गार बिंगफेनही झालं, म्हणजे पाक घातलेली थंडगार जेली.

अडलंय ते तांगयुआनवर. पाण्यात उकळलेले मऊ गोळे, बघून मोदकच आठवतो. पण काळ्या तिळाच्या सारणात पारंपरिक पद्धतीनं डुकराची चरबी घालतात. फोनवर भाषांतर करून दोन दुकानांत ‘मांस आहे का?’ विचारलं, दोघंही ‘नाही’ म्हणाले. चरबीला ते मांस धरत नसावेत. हॉटेलातही नीट उलगडा झाला नाही.

चरबीबद्दल नेमक्या कोणत्या चिनी शब्दांत विचारायचं? आणि शेंगदाण्याच्या सारणातही ती असते का?