सल्ला हवा: मोठ्या कलाकारांच्या चुका ऐकू येतील अशी रेकॉर्डिंग्ज सुचवा

पेटीवाली
नमस्कार मंडळी. कोथरूडला घरीच गाण्याचा क्लास घेते. मुलं दहा ते सोळा वयाची. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम तोंडावर आलाय आणि वर्गात सध्या एकच साथ पसरली आहे: जरा चुकलं की थांबायचं, जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. एका मुलीचा भूप रागात चुकून निषाद (नी) लागला, जो त्या रागात नसतोच. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण ती बंदिश अर्ध्यावर सोडून माझ्याकडे बघत बसली.

मुलं दिवसभर ऐकतात ते सगळं घासूनपुसून गुळगुळीत केलेलं. त्यामुळे मोठे लोक चुकतच नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत आहे. एका रविवारी तासभर बसवून त्यांना नामवंतांच्या चुका ऐकवाव्यात असं मनात आहे. चूक मुलांच्या कानाला कळली पाहिजे. कुणाची टिंगल नको, आणि मोबाइलवर चोरून काढलेल्या क्लिपा तर अजिबात नकोत. देशी-विदेशी काहीही चालेल. पाश्चात्त्य संगीतातलं मला बेताचंच कळतं, तेव्हा कुठे कान द्यायचा तेही सांगा.

रेकॉर्डवेडा
पहिलं नाव डोळे मिटून सांगतो. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड, बर्लिन, १३ फेब्रुवारी १९६०, गाणं ‘मॅक द नाइफ’. गाण्याआधीच ती श्रोत्यांना सांगते की शब्द सगळे आठवले म्हणजे मिळवली. आणि नेमके पुढे शब्द जातात! मागे ठेका चालूच असतो. पुढच्या कडव्याच्या जागी ती ‘आता पुढे काय बरं होतं’ हेच चालीत बसवून गाते. ते गाणं तिच्याआधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावं ओवते, आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते आणि आपण या गाण्याचं पार मातेरं केलं हेही गाऊनच सांगते. लय एकदाही सुटत नाही. हेच रेकॉर्डिंग जसंच्या तसं बाजारात आलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. शब्द इंग्रजी असले तरी मुलांना कळेल, फक्त मूळ कडवी आधी कागदावर द्या, म्हणजे गाडी रुळावरून कुठे उतरली ते दिसेल.

सदाशिव_पेठी
आधी मुलांना चांगलं गाणं पोटभर ऐकवा, मग चुकांचं बघू. आमच्या गुरुजींनी असले रविवार भरवले नव्हते. चुकलं की पेटीचा भाता थांबायचा, तेवढं पुरे व्हायचं.

ठेकेदार
पेठीकाका, भाता थांबला की मूलही थांबतं आणि ताईंची तक्रार नेमकी तीच आहे. हलके घ्या.

ताई, मी तबल्याच्या साथीला बसतो, त्या बाजूने सांगतो. आपल्या संगीतात मोठ्यांची चूक रेकॉर्डवर सापडणं अवघड, कारण चूक होते आणि तिथल्या तिथे जिरते. बंदिश ठरलेली असली तरी बाकीचा विस्तार त्या क्षणी सुचलेला असतो. सम (तालाची पहिली मात्रा) निसटली तर कसलेला गवई मुखडा (बंदिशीची समेकडे नेणारी ओळ) पुढच्या आवर्तनावर, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीवर, टाकतो आणि मधली जागा एखाद्या बोलतानेनं (शब्द घेऊन केलेल्या तानेनं) भरून काढतो. श्रोत्याला ती उपजच (ऐन वेळी सुचलेली जागा) वाटते. विलंबित (अगदी संथ) एकतालात मात्र हे अंगाशी येतं. आवर्तन पाऊण-एक मिनिटाचं असू शकतं, म्हणजे सम हुकली की पुढची सम येईपर्यंत तेवढा वेळ तुम्हाला काहीतरी अर्थपूर्ण गात राहावं लागतं.

त्यातही साथीदारांचा हात असतोच. गवई विसरला की पेटीवाला पुढच्या ओळीचा पहिला सूर हलकेच दाबून धरतो, तबलजी समेच्या आधीच्या दोन मात्रा जरा ठसठशीत वाजवतो. पुढच्या रांगेतल्यालाही पत्ता लागत नाही. मुलांना रेकॉर्ड ऐकवण्याइतकंच हे प्रत्यक्ष दाखवणं महत्त्वाचं आहे.

कॅम्पातला
पाश्चात्त्य अभिजात संगीतात उलटं आहे. तिथे प्रत्येक सूर छापलेला, त्यामुळे चूक झाकता येत नाही. तीन गोष्टी सुचवतो.

मारिया जुआँव पिरेश या पियानोवादक बाईंचा व्हिडिओ नक्की दाखवा. अॅमस्टरडॅममधली दुपारची मैफल, वाद्यवृंद रिकार्दो शाइ यांचा. बाई मोत्सार्टची एक कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) तयार करून आलेल्या, आणि वाद्यवृंद सुरू करतो दुसरीच, डी मायनरमधली. सुरुवातीचा भाग नुसत्या वाद्यवृंदाचा असतो, दोनेक मिनिटांचा. तेवढ्या वेळात बाईंचा चेहरा बघा. आधी डोक्याला हात, मग शाइंशी बोलणं. ते वाद्यवृंद चालवता चालवताच हसून सांगतात की तुम्हाला ही येते, तुम्ही वाजवाल. आणि पाळी आल्यावर त्या आठवणीतून वाजवतात. इथे शब्दच नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

दुसरं, पियानोवादक होरोविट्झ. बारा वर्षं मंचापासून लांब राहून ९ मे १९६५ रोजी कार्नेगी हॉलमध्ये परतले आणि सुरुवातीलाच, बाख-बुझोनीच्या टोकाटा या रचनेत, बोट चुकीच्या पट्टीवर. त्या मैफलीची जी तबकडी तेव्हा आली तिच्यात काही जागा दुरुस्त केल्या होत्या. कात्री न लावलेली आवृत्ती २००३ साली निघाली. मोठ्या मुलांना दोन्ही ऐकवून फरक शोधायला लावा, कान तयार होतील.

तिसरं मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी. वाद्यवृंद चालवणारे तोस्कानीनी, त्यांची शेवटची मैफल, ४ एप्रिल १९५४, वय ८७. सगळं पाठ असणारा हा माणूस वाग्नरची रचना चालू असताना मध्येच हरवला, हात थांबले. रेडिओवर थेट प्रक्षेपण चालू होतं, तर नियंत्रण कक्षातून घाईघाईनं ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीची तबकडी लावली. काही क्षणांनी पुन्हा वाग्नर. वाद्यवृंदानं तोवर सावरून घेतलं होतं.

गिटारगण्या
सगळे एकदम सीरियस झालात राव. पोरांना हसवा की थोडं!

द पोलिसचं ‘रॉक्सन’ लावा. अगदी सुरुवातीला पियानोचा एक बेंगरूळ आवाज आणि मागोमाग हसू ऐकू येतं. स्टिंग पियानोचं झाकण बंद समजून त्यावर टेकला आणि पट्ट्यांवरच बसला. ठेवलं तसंच. लेड झेपेलिनच्या ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’मध्ये जॉन बॉनमच्या बास ड्रमचं पेडल कुरकुरतं. हेडफोन लावून शांत जागा ऐका, एकदा ऐकू आलं की मग पिच्छा सोडत नाही. बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ घ्या, पण स्टिरिओ मिक्सच हवं. शेवटच्या कडव्यात लेनन शब्द चुकतो आणि पुढच्या ओळीत हसू दाबत गातो.

सावध: ‘हे ज्यूड’मध्ये तिसरं मिनिट भरत येताना मागे कुणीतरी शिवी हासडलेली ऐकू येते. ते क्लासला लावू नका, पालक धावून येतील.

पेटीवाली
खिक्! गण्या, ‘रॉक्सन’ लगेच ऐकलं आणि मुलीलाही ऐकवलं, दोघी हसलो. पण माझं काम यानं होत नाही. हे स्टुडिओत झालं, निवांत बसून ‘राहू दे’ म्हणून ठरवलं. माझ्या मुलांना अडतं ते चुकल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत. समोर आईबाप बसलेत, तबला चालू आहे, आता काय? तेवढे सेकंद ज्यात ऐकू येतात असं हवंय. एला आणि पिरेश दोन्ही घेतलं.

अनुस्वार
मग पॅटी स्मिथ घ्याच. डिसेंबर २०१६, स्टॉकहोम, नोबेलचा सोहळा. साहित्याचं नोबेल मिळालेले बॉब डिलन स्वतः गेले नाहीत, त्यांचं ‘अ हार्ड रेन्स’ गायला या बाई. समोर स्वीडनचं राजघराणं. दुसऱ्या कडव्यात अडकल्या, थांबल्या, माफी मागितली, खूप घाबरले आहे असं सरळ सांगितलं आणि तो भाग पुन्हा सुरू करू द्या म्हणाल्या. टाळ्या झाल्या आणि त्यांनी गाणं शेवटाला नेलं.

नंतर त्यांनी यावर लिहिलं, त्यातला मुद्दा तुमच्या मुलांच्या फार कामाचा आहे: शब्द विसरले नव्हते, आत होतेच, बाहेर येईनात. पाठांतर कमी पडणं आणि घाबरून घशाशी अडकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हीला ‘रियाझ कमी पडला’ म्हणून मोकळे होतो.

सदाशिव_पेठी
पण ती थांबली की! ताईंना तर न थांबणारी मुलं हवीत.

अनुस्वार
थांबली, पण गाण्याच्या सुरुवातीला नाही गेली काका. जिथे अडली तिथूनच उचललं.

जुनी_तबकडी
मुद्दा बरोबर आहे. पण ठेकेदार, आपल्याकडचं अगदीच काही नाही असं नका म्हणू. बेगम अख्तर ऐकवा. वरच्या सुराकडे जाताना त्यांचा आवाज मध्येच चिरतो. दुसऱ्या कुणाचा असा फाटला तर शिक्षक पाणी प्यायला पाठवतील. त्यांच्या गझलेत मात्र जाणकार त्या जागेची वाट बघत बसायचे आणि ती आली की दाद उठायची. कुठलीही ठुमरी-गझल घ्या, शोधावं लागणार नाही.

भूपातल्या निषादावरूनही आठवलं. केदार रागात कोमल निषाद विवादी (रागाबाहेरचा सूर) म्हणून अगदी थोडासा घेतात. म्हणजे जो सूर तिथला नाही, तोही कुठे आणि किती लावायचा याचा हिशोब आपल्या शास्त्रानं करून ठेवलाय. त्या मुलीला भूपात मुभा देऊ नका, पण चुकीचा सूर म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे, हे केदारातून दाखवता येईल.

जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांबद्दल मुलांना एक सांगाच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, आवाज थेट मेणावर कोरला जायचा, कापून जोडणं शक्यच नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. टेप दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली आणि कात्री तेव्हा आली. हे कळलं की त्या तबकड्या वेगळ्याच कानांनी ऐकल्या जातात.

आणि पुण्याचंच हवं असेल तर गीतरामायण. गाण्यातली चूक नाही, पण किस्सा मुलांना आवडेल. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत जायचं होतं. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद संगीतकार बाबूजींकडून (सुधीर फडके) हरवला. गदिमा भडकले, तेव्हा आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी त्यांना खोलीत कोंडलं आणि पंधराएक मिनिटांत गीत पुन्हा उतरलं, असं सांगतात. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५६ गीतं झाली.

रेकॉर्डवेडा
रच्याकने (बाय द वे), साथीदारांचा विषय निघालाच आहे तर जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक. साठच्या दशकात श्टुटगार्टला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर ‘सो व्हॉट’ वाजवत होते. माइल्सचा सोलो रंगात आलेला आणि हॅनकॉकनी पियानोवर साफ चुकीचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) हाणला. माइल्स श्वासभर थांबला आणि त्यानं पुढे असे सूर लावले की तो कॉर्ड बरोबरच वाटला. हॅनकॉक हे स्वतः सांगतात तो व्हिडिओ मिळतो, तोच दाखवा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माइल्सनं ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकली. ठेकेदार म्हणतात ते हेच की.

‘सो व्हॉट’ ज्या अल्बमात आहे त्या ‘काइंड ऑफ ब्लू’चीही गंमत आहे. १९५९च्या मुद्रणात एक टेप मशीन जरा हळू चालत होतं, त्यामुळे तबकडीची पहिली बाजू किंचित वरच्या सुरात वाजायची. दुरुस्त झाली १९९२मध्ये. त्याआधी त्या तबकडीबरोबर रियाझ करणाऱ्यांनी आपलंच वाद्य उतरलंय समजून किती खुंट्या पिळल्या असतील, विचार करा.

सदाशिव_पेठी
खुंट्यांवरून एक माझ्याकडूनही घ्या, फुकट. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क, बांगलादेशासाठीची मैफल. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा वाद्यं जुळवतात, जुळवून थांबतात तर अख्खं सभागृह टाळ्या वाजवतं. रविशंकर शांतपणे म्हणाले, जुळवणं इतकं आवडलं तर वादन याहून आवडेल अशी आशा आहे. चूक श्रोत्यांची, तीही रेकॉर्डवर कायमची. हे पालकांना ऐकवा, मुलांना नको.

पेटीवाली
काका, तुम्हाला दंडवत. हे पहिलंच लावते, पालकही असणार आहेत त्या दिवशी.

सर्वांचे मनापासून आभार. सध्या ठरलंय ते असं: रविशंकर, मग एला (कडवी छापून देते), पिरेशचा व्हिडिओ, पॅटी स्मिथचं फक्त ते एक कडवं, हॅनकॉक, आणि शेवटी बेगम अख्तर पूर्ण, मध्ये न बोलता. होरोविट्झ पुढच्या वेळी, दोन आवृत्त्यांची तुलना एका बैठकीत झेपणार नाही. तोस्कानीनी मी एकटीनं ऐकले. ते मुलांना नकोच.

ठेकेदार, तुम्ही म्हणालात ते प्रत्यक्ष दाखवायला याल का? मुलं बंदिश गातील, मी मध्येच कुठेतरी त्यांना मुद्दाम अडवेन, तुम्ही ठेका सोडायचा नाही. पहिल्यापासून सुरू करायला बंदी.

ठेकेदार
येतो की. फक्त विलंबित नको, मध्यलय तीनताल ठेवा. सोळा मात्रा चटकन फिरून येतात, हुकलेल्या मुलाला लगेच दुसरी संधी मिळते. आणि अडवायचं ते समेच्या जवळ नको, खालीच्या (नवव्या मात्रेच्या) आसपास अडवा. म्हणजे सावरायला आठ मात्रा हातात राहतात. दोनदा जमलं की मग समेच्या तोंडावर अडवून बघू. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सदाशिव_पेठी
मलाही करा. भाता मी धरतो, थांबवणार नाही.