सॅन होजे: हड-व्हॅश व्हाउचर असलेल्या माजी सैनिकाला घर भाड्याने द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या मागच्या अंगणात एका बेडरूमचं एडीयू (मुख्य घराच्या आवारातलं छोटं स्वतंत्र घर) आहे. भाड्याची जाहिरात टाकली, तर इराकला जाऊन आलेल्या एका माजी सैनिकाचा फोन आला. सध्या ते गाडीत झोपतात. हातात हड-व्हॅश व्हाउचर (बेघर माजी सैनिकांसाठीची सरकारी भाडेमदत) आहे, पण घर शोधायची मुदत संपत आलीय. आम्हा दोघांनाही घर त्यांनाच द्यायचंय. लढाईवरून आलेला माणूस पार्किंगमध्ये रात्र काढतो, हे मला बघवत नाही.

आतापर्यंत कळलं ते असं: पैसे केंद्र सरकारच्या हड (गृहनिर्माण) खात्याचे, व्हाउचर काउंटीच्या हाउसिंग अथॉरिटीचं, आणि माणूस निवडून पाठवणं, त्याला केस मॅनेजर देणं हे व्हीएचं (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं) काम, आमच्याकडे पालो आल्टोच्या व्हीएचं. भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं अथॉरिटी थेट घरमालकाला देते. नेहमीच्या सेक्शन ८ मध्ये (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भाडेमदतीत) असा केस मॅनेजर नसतो, म्हणून मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते.

आता अडलेलं. त्यांचा क्रेडिट स्कोअर कमी आहे, आणि भाड्याच्या तिप्पट उत्पन्न हवं या आमच्या अटीत ते बसत नाहीत. डिपॉझिट त्यांच्याकडे नाही. घराच्या तपासणीत काय बघतात? ज्यांनी असं घर दिलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा. ‘कटकट कशाला ओढवून घेता’ हा सल्ला नको, तो घरच्यांनी देऊन झालाय.

प्रतिसाद:

ताई, आम्ही फ्रीमाँटला दिलंय, जरूर द्या. तिप्पट उत्पन्नाची अट कॅलिफोर्नियात फक्त भाडेकरूच्या वाट्याच्या रकमेला लावता येते, पूर्ण भाड्याला नाही. केवळ व्हाउचर आहे म्हणून नकार देणं २०२० पासून बेकायदा आहे. क्रेडिट हिस्टरीऐवजी भाडं परवडत असल्याचे दुसरे पुरावे देण्याची मुभाही २०२४ पासून अशा अर्जदाराला द्यावीच लागते.

डिपॉझिटसाठी केस मॅनेजरला एसएसव्हीएफ या मदत योजनेबद्दल विचारा, व्हीएच्या निधीतून स्थानिक संस्था ते भरू शकतात. तपासणीत आमचा एक स्मोक अलार्म आणि न उघडणारी खिडकी अडली होती. घर पास होईपर्यंत किल्ल्या देऊ नका, आधीच्या दिवसांचे पैसे अथॉरिटी सहसा देत नाही. भाडं आसपासच्या घरांशी ताडून बघतात, तेव्हा दर आधीच काढून ठेवा.

आणि मुदतीचं आजच बघा. सुरुवातीला किमान १२० दिवस मिळतात, पुढे अथॉरिटी वाढवून देऊ शकते, पण व्हाउचर संपायच्या आत त्यांनी लेखी मागायला हवं.