मदत हवी आहे: सुटकेसवाल्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज घाण येतो, शुक्रवारच्या आत सांगा

काजूबोंड
रविवारी अप्पांची पंचाहत्तरी आहे. त्यांच्या रेकॉर्डी वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर ट्रंकेत पडून होत्या. जुना प्लेअर कधीच भंगारात गेला. म्हटलं जरा गंमत करू, म्हणून सुटकेससारखा उघडणारा निळा प्लेअर ऑनलाइन मागवला. दिसायला झकास आहे, पण काल लावला तर आवाज अगदीच घाण. अप्पांनी दोन मिनिटं ऐकलं, "ह्यां तां न्हय" म्हणाले आणि उठून पडवीत जाऊन बसले. परत पाठवायची मुदत शुक्रवारपर्यंतच आहे. ठेवू की परत करू? काही सेटिंग असतं का? "शोधून बघा" असं कृपया सांगू नका, शोधून कंटाळले.

चिरेखाण
परत करा. खेळणं आहे ते. विषय संपला.

तबकडीवेडा
घाण म्हणजे नेमका कसा? खरखर आहे, फाटतोय, हेलकावतोय, घुमतोय की एकाच जागी अडकतोय? हे पाच वेगळे आजार आहेत. रेकॉर्डी कुठल्या आहेत, मोठ्या एलपी, लहान ईपी की ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या लाखेच्या? प्लेअर कशावर ठेवलाय? आणि रागावू नका, पण सुईवरचं पांढरं टोपण काढलंत ना?

काजूबोंड
टोपण काढलंय हो, तेवढी अक्कल आहे. रेकॉर्डी काळ्या आहेत, मोठ्या. घाण म्हणजे जसा यायला हवा तसा येत नाही. अजून काय सांगू?

नुसताच_वाचक
काळ्या असतील तर रेकॉर्डीच असणार, हे निदान पक्कं झालं.

मिरगाचा_पाऊस
दादा, सोपा उपाय. एक रुपयाचं नाणं सुईच्या डोक्यावर सेलोटेपने चिकटवा. आमच्या काकांनी त्यांच्या एचएमव्ही फिएस्टावर आयुष्यभर तेच केलं. अडकणं साफ बंद.

काजूबोंड
मी दादा नाही. आणि अडकतं असं मी कुठे म्हटलं? (एक रेकॉर्ड अडकते, पण ते वेगळं.)

तबकडीवेडा
नाणं ठेवू नका!!! चांगल्या टर्नटेबलवर सुईचा भार दीड ते अडीच ग्रॅम असतो. या सुटकेसवाल्यांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो छोटा डबा) असतं, ते ताठ असल्यामुळे मुळातच पाच-सहा ग्रॅमने दाबतं. मागे वजन सरकवून भार कमी करायची सोय नाही. त्यावर तीन-चार ग्रॅमचं नाणं टाकलं की रेकॉर्डचा नांगर झाला म्हणून समजा.

मिरगाचा_पाऊस
काकांच्या रेकॉर्डी अजून वाजतात.

तबकडीवेडा
वाजतात, पण वरचा सूर उरलाय का त्यात? झांज आणि चटईवर झाडू मारल्याचा आवाज सारखाच येत असेल.

मिरगाचा_पाऊस
काका वारले. कशाला त्यांच्या झांजेवर जाता?

खारा_वारा
मी सरळ सांगतो. आपल्या किनाऱ्यावर असली यंत्रं ठेवूच नयेत. आमच्या घरापासून समुद्र दोनशे पावलांवर. मिक्सर दोन वर्षं, टीव्ही चार वर्षं, पत्र्याचं कपाट तळातून खलास. रेकॉर्डी मुंबईत कोणाकडून तरी डिजिटल करून घ्या, पेन ड्राइव्हवर घाला, ब्लूटूथ स्पीकर लावा. माझ्या सासऱ्यांची चारशे गाणी नखाएवढ्या कार्डात आहेत.

काजूबोंड
रविवारपर्यंत मुंबईला रेकॉर्डी कोण नेणार? इथे धो धो पाऊस आहे, दिवसातून चारदा लाइट जाते.

बरं, मघाशी घाईत होते, आता नीट लिहिते. ट्रंकेत बारा-पंधरा मोठ्या आहेत, सात-आठ लहान आणि चार जड. जडांवर ७८ लिहिलंय. काल आधी जडच लावली, बटण ७८ वरच होतं. तळणीत मोहरी पडावी तसा आवाज, त्यामागे कुठेतरी गाणं. मग एक मोठी लावली, तिच्यात खरखर कमी. पण आवाज वाढवला की "हूंऽऽ" असं सुरू होतं आणि सुई उडते. प्लेअर माजघरातल्या लाकडी स्टुलावर आहे. माजघर वरच्या मजल्यावर, जमीन फळ्यांची.

तबकडीवेडा
आता कशी बोललात! यात दोन आजार आहेत.

पहिला, ७८ चा. तुमच्या प्लेअरची सुई एलपीची आहे. ७८ ची खाच तिच्यापेक्षा तिपटीने-चौपटीने रुंद असते, त्यामुळे ही सुई भिंतींना न टेकता तळाशी लोळते. तळाशी काय असतं? पन्नास-साठ वर्षांची धूळ. तीच तुमची मोहरी. बटणावर ७८ छापलंय म्हणजे ताटली तेवढी फिरते, सुई बदलत नाही. विकणारे हे सांगत नाहीत. वरून लाखेच्या रेकॉर्डीत दगडाची भुकटी असते, ती सुई खाते. या सुया बहुधा सफायरच्या, हिऱ्याच्या मानाने फार लवकर बोथट होतात, आणि मग तीच बोथट सुई तुमच्या एलपी खरवडणार. तेव्हा ७८ वाल्या चार आजच बाजूला ठेवा. त्यांची जाड सुई वेगळी मिळते, ती तुमच्या कार्ट्रिजला बसते का बघून मागवा.

दुसरा, "हूंऽऽ". स्पीकर आणि सुई एकाच खोक्यात. स्पीकरची थरथर सुईला लागते, सुई तीच पुन्हा स्पीकरला देते, आणि हे चक्र वाढत जातं. त्यात तुमची फळ्यांची जमीन. खाली चिऱ्याची भिंत किंवा जमिनीला टेकलेला दगडी कट्टा असेल तर त्यावर ठेवा, खाली घडी घातलेली गोधडी. मागे लाल-पांढऱ्या वायरीची भोकं असतील तर तिथून आवाज बाहेरच्या स्पीकरला द्या आणि खोक्याचा आवाज शून्यावर आणा. नुसत्या एवढ्याने निम्मा फरक पडेल. बाहेर अँप्लिफायर असेल तर वायर 'ऑक्स'ला लावा, 'फोनो'ला नको, सिरॅमिकला त्याची गरज नसते.

सुपारीचं_बेडं
रेकॉर्डी धुतल्यात का? वीस पावसाळे ट्रंकेत म्हणजे बुरशी आलीच असणार. तिरपी धरून बघा, पांढरे ठिपके दिसतील.

काजूबोंड
ठिपके आहेत. फडक्याने पुसल्या.

डॉक्टरांचा_शेजारी
सॅनिटायझर लावा. करोनातला सगळ्यांच्या घरी पडून आहे. मिनिटात चकाचक.

सुपारीचं_बेडं
एलपीला डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, सॅनिटायझर नाही, त्यात जेल आणि सुगंध असतो. आणि ७८ ला तर स्पिरिटचा थेंबही नको! सुतार पॉलिशचा चपडा कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच ना? ७८ ची रेकॉर्ड त्याच लाखेची आहे. पुसाल तिथलं गाणं फडक्यावर येईल. तिला साधं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग उभ्या करून सावलीत वाळवा. पावसात वाळायला वेळ लागेल, पण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, नाहीतर पुन्हा बुरशी.

डॉक्टरांचा_शेजारी
मी फक्त सुचवलं.

गजालीकार
ह्या सगळा सोडा. चावीचो ग्रामोफोन घ्या. करंट नको, लाइट गेली तरी वाजता. आमच्या आजोबांकडे होतो, भोंग्याचो. पोलादी पिन एका बाजूक एक, मगे ती फेकूची. चोर बाजारात अजून गावता.

नुसताच_वाचक
आणि त्यावर एलपी लावली की थेट कौलं शाकारायला.

गजालीकार
एलपी लावा असा मी खंय सांगलंय?

चिरेखाण
व्होल्टेज बघितलं का कोणी? आमच्याकडे पावसात १७० च्या वर जात नाही. मोटार हळू फिरणारच.

तबकडीवेडा
ती गोष्ट वेगळी. याला पाच व्होल्टचा अडॅप्टर आहे, बाहेर १७० असो की २३०, मोटारीला पाचच मिळतात. आणि जुन्या मोठ्या प्लेअरांची एसी मोटार व्होल्टेजपेक्षा ५० हर्ट्झवर अवलंबून असायची. तुमचं पंख्याचं गणित इथे लागू नाही.

चिरेखाण
परत करा म्हटलं ते चुकलो.

भाता_आणि_सूर
उशिरा आलो. वरचं सगळं वाचलं. एक विचारू का? अप्पा "ह्यां तां न्हय" म्हणाले. खरखर खटकली असती तर "खरखरता" म्हणाले असते. "तां न्हय" म्हणजे काय? अप्पा काही वाजवतात का?

काजूबोंड
पेटी वाजवतात. चाळीस वर्षं भजनी मंडळात. डबलबारीला बसायचे. तरुणपणी याच रेकॉर्डी लावून बरोबर वाजवत शिकले, असं आई सांगते. हे लिहायला हवं होतं का?

भाता_आणि_सूर
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंत.

अप्पांना गाणं चढलेलं ऐकू येतंय. रेकॉर्ड जोरात फिरली की नुसती लय वाढत नाही, सूरही चढतो. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने वर. काळी एकचं गाणं पेटीवरच्या लगतच्या पट्टीला, पांढरी दोनला जातं. तुम्हाआम्हाला "जरा पातळ आवाज" वाटेल, पेटीवाल्याला ती दुसऱ्याच माणसाच्या गळ्याची पट्टी वाटते. या स्वस्तातल्या प्लेअरांचा वेग कारखान्यातूनच कमी-जास्त येतो.

मोजायचं असं. मधल्या कागदावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. रेकॉर्ड सुईसकट वाजत असताना मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेऱ्या मोजा. एलपीच्या बरोबर १०० व्हायला हव्यात, कारण वेग मिनिटाला ३३ आणि वर तिसरा हिस्सा. सुई उचलून मोजू नका, तिच्या ओढीने वेग पडतो.

तबकडीवेडा
किंवा स्ट्रोबची चकती छापा. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली १८० रेघांची चकती स्थिर दिसली की वेग बरोबर. एलईडीखाली चालेलच असं नाही.

भाता_आणि_सूर
पावसात लाइट नसताना ट्यूबलाइट कुठे शोधणार? मोजणं बरं.

काजूबोंड
मोजलं. दोनदा. १०५.

मग पेटी काढली आणि अप्पांना विचारलं, हे गाणं कुठल्या पट्टीतलं. रेकॉर्ड न ऐकताच म्हणाले, "काळी एक." लावलं तर पांढरी दोनच्या जरासं खाली येतंय. पेटीवर कुठेच बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मधे. अप्पा म्हणाले, "मगे काल काय सांगत होतंय?" आता हे कमी कसं करायचं?

भाता_आणि_सूर
काही मॉडेलांना खोक्याच्या तळाला, मोटारीच्या बरोबर खाली बारीक भोक असतं, कधी रबराचं बूच लावलेलं. आत चिमुकला स्क्रू असतो. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवा, परत मोजा. केसभर म्हणजे केसभरच. भोक नसेल तर खोकं उघडावं लागेल, आणि उघडलंत तर परत घेणार नाहीत, हे आधी ठरवा.

काजूबोंड
भोक आहे!

चिरेखाण
शुक्रवार उद्या आहे.

काजूबोंड
काल रात्री लाइट नव्हती. आज सकाळी केलं. पहिल्यांदा उलटं फिरवलं, १०९ झाले, अप्पा हसत सुटले. मग दुसरीकडे. चार वेळा मोजून आता १०० आणि एक पाव. प्लेअर मागच्या पडवीत चिऱ्याच्या कट्ट्यावर, खाली आईची गोधडी, आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून. "हूंऽऽ" गेलं. खरखर थोडी आहे. लांब तान आली की आवाज किंचित थरथरतो, ते काही जात नाही.

तबकडीवेडा
ते जाणार नाही. पट्टा आणि हलकी ताटली, त्यात जड वजनाने फिरण्याचा स्थिरपणा येत नाही. पियानोच्या रेकॉर्डला फार जाणवेल, भजनाला कमी. जी एक अडकते म्हणालात ती वाकलीय का? वाकली असेल तर दोन काचांमध्ये सपाट ठेवा, उन्हात मात्र नको.

काजूबोंड
वाकलेली नाही, तिच्यावर मेणबत्तीचं मेण पडलंय. अप्पा म्हणतात ७८ च्या चक्रीवादळातलं.

नुसताच_वाचक
म्हणजे सुईचं ७८ की सालाचं ७८?

मिरगाचा_पाऊस
ताई, मेणावर सुई उडते तिथे नाणं ठेवून बघा की.

तबकडीवेडा
!!!

काजूबोंड
प्लेअर ठेवलाय, परत केला नाही. सगळ्यांचे आभार, नाण्यासकट. आता नवीन भानगड. अप्पा रेकॉर्डबरोबर पेटी वाजवायला बसले, तर पेटीचाच एक सूर चिकटतो आणि दुसरा घोगरा येतो. म्हणतात पावसाने पेटी खराब झाली. उद्याच्या आत दुरुस्त करणारं कोणी आहे का?

भाता_आणि_सूर
नवीन धागा काढा. आणि गाव कुठलं, पेटी किती सप्तकांची, सिंगल रीड की डबल, कुठला सूर चिकटतो, सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.