मदत हवी आहे: माशांच्या टाकीच्या फिल्टरमध्ये सिरॅमिक रिंग (जिवाणूंना राहायला सच्छिद्र कड्या) घालू की आणखी एक स्पंज?

टाकी ९० लिटरची, आत बारा निऑन टेट्रा. फिल्टर मागे लटकवायचा, त्यात फक्त स्पंज. दोन आठवड्यांपूर्वी मी तो नळाखाली खळखळून धुतला आणि क्लोरीनने त्यातले, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मेले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. आठवलं की अजून वाईट वाटतं. रोज थोडं पाणी बदलून अमोनिया शून्यावर आणला, पण नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, हेही विषारीच) ०.२५ पीपीएमवर (दशलक्ष भागांत ०.२५ भाग) अडकलंय.

आता जिवाणूंना दुसरंही घर द्यायचंय. रिंगांची बारीक छिद्रं गाळाने बुजतात ना, मग त्यापेक्षा भरड स्पंजच बरा का? लाव्हा दगड कोणी वापरलाय? आणि जुना स्पंज नव्याशेजारी किती आठवडे ठेवावा? अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा, मासे अजून मलूल आहेत.