'साभार परत' आल्यावर पुढे नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

वाघूरकाठ
आखाजी झाली. कुरडया भरायला माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला, तर तळाशी पाकिटांचा गठ्ठा. आपलाच पत्ता, आपल्याच अक्षरात, आत संपादकांची छापील चिठ्ठी: साभार परत. ज्यांनी कधी काही पाठवलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

आता पाकीट येत नाही. मेल येतो, नाहीतर तोही येत नाही. इथे लिहिणारे आहेत, दिवाळी अंकाचं काम बघणारे आहेत, डीटीपीवाले, प्रूफवाले आहेत. पहिलं पुस्तक निघेपर्यंत उमेद टिकवायची म्हणजे हाताने काय करायचं, तेवढं लिहा. रडगाणं प्रत्येकाकडे आहे, ते चहाला भेटू तेव्हा. इथे तारखा, आकडे आणि कुठे चुकतं ते.

अंकवाली_ताई
वही. दुसरं काही नाही, आधी वही. रकाने असे: शीर्षक, शब्दसंख्या, कुठे पाठवलं, तारीख, कितवा खर्डा, आठवणीची तारीख, उत्तर. आठवणीची तारीख पाठवतानाच लिहायची. कवितेला दोन महिने, कथेला तीन, कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाकडे असेल तर सहा. त्या तारखेपर्यंत मेल उघडून बघायचा नाही, मनात विषयही काढायचा नाही. तारीख आली की दोन ओळींची आठवण, एकदाच. त्यानंतर महिनाभर काही आलं नाही तर 'कथा मागे घेत आहे' असं एका ओळीत कळवून पुढच्या ठिकाणी.

ते मागे घेतल्याचं कळवणं लोक विसरतात. मग एकच कथा एकाच दिवाळीत दोन अंकांत येते, आणि दोन्ही संपादक पुढच्या वर्षी तुमचं नाव बघून मेल बंद करतात.

भुसावळ_जंक्शन
आठवणीची तारीख हे भारी. आमच्याकडे गाडी दोन तास लेट असली तरी एवढं मन शांत नसतं 😄

अंकवाली_ताई
आणि हंगाम पाळा हो. दिवाळी ऑक्टोबरात असो की नोव्हेंबरात, बहुतेक अंकांची आवाहनं मे-जूनमध्ये निघतात, जुलैअखेर ते १५ ऑगस्ट मुदत. गणपतीत अंकाची पानं लागत असतात. त्या दिवसांत आलेली कथा चांगली असली तरी ती वाचायला बसणार कोण? कथा २५०० ते ४००० शब्द. सहा हजारांची असेल तर आधी विचारा, कारण पानं जाहिरातींच्या हिशोबाने ठरलेली असतात. म्हणजे आत्ता मे चालू आहे, हा धागा वाचत बसू नका, कथा काढा.

कळण्याची_भाकर
पापड लाटून झाले की काढते ताई. दोन किलो उडीद बाकी आहे.

मास्तर_अमळनेर
नकाराची भाषा वाचायला शिका, निम्मी निराशा तिथेच जाते. काही ठराविक वाक्यं असतात.

'जागेअभावी घेता येत नाही': अंक भरला होता, कथा वाचलीच असेल असं नाही. तीच कथा पुढच्या हंगामात त्याच ठिकाणी चालते.
'आमच्या प्रकृतीत बसत नाही': तुम्ही त्यांचे मागचे दोन अंक किंवा त्यांची पुस्तकांची यादी न बघता पाठवलंत. यात कथेचा दोष नाही, पत्त्याचा आहे.
'भाषा चांगली आहे, पण…': 'पण'च्या पुढचं वाक्य वहीत उतरवा. तीन वेगळ्या ठिकाणांहून तोच 'पण' आला तर ते दुरुस्त करायचंच. एकाच ठिकाणाहून आला तर थांबा.
'दुसरं काही असल्यास पाठवा': हे नकाराचं पत्र नव्हे! महिन्याच्या आत दुसरं पाठवायचं, पहिल्याच ओळीत त्यांच्या पत्राचा उल्लेख करून. नवखे लोक हे पत्र वाचून आठ दिवस तोंड पाडून बसतात आणि संधी घालवतात.

पारोळेकर
सर शेवटचं लय महत्त्वाचं. पण काहीच उत्तर नाही आलं तर ते कोणत्या भाषेत वाचायचं?

मास्तर_अमळनेर
ते ताईंच्या वहीत, सातव्या रकान्यात. कोरा ठेवायचा.

डीटीपी_नवी_पेठ
बऱ्याच फायली वाचल्याच जात नाहीत, कारण उघडल्यावर कचरा दिसतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलं असेल आणि समोरच्याकडे तो फाँट नसेल, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आत अक्षरं तीच असतात, फाँट फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. म्हणून युनिकोडमध्येच (फोनवर मराठी टाइप करतो तेच) टाइप करा आणि वर्ड व पीडीएफ दोन्ही जोडा. वर्डमध्ये काही हललं तर मूळ कसं होतं ते पीडीएफ बघून कळतं.

जुना ऑपरेटर अजून श्रीलिपीत मागतो, त्याचंही कारण आहे. तो पेजमेकरवर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) बसलेला असतो आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. रूपांतर केलं की ठरलेल्या जागी तुटतं: रफार (सूर्य, कार्य), 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्या, आणि जोडाक्षराच्या आधीची पहिली वेलांटी. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. रूपांतर करणाऱ्याला तो क्रम फिरवावा लागतो, तिथे गडबड होते. म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ लेखकाने स्वतः वाचायचं, निदान या तीन गोष्टींसाठी.

इनडिझाइनवर (पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर) काम असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे का विचारा. नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात.

केळीचा_घड
आणि हस्तलिखिताचे मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर ४० फोटो टाकणारे? 🙏

डीटीपी_नवी_पेठ
त्यात २३ वा उलटा असतो, ३१ वा दोनदा. कविता तर व्हॉट्सॲपवर पाठवूच नका. लांब ओळ मोडून खाली येते आणि ती कवीने मोडली की फोनने, हे समोरच्याला कळत नाही.

रावेरची_मावशी
बहिणाबाई चौधरींची आठवण काढली नाही कुणी अजून? त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. आमच्या आसोद्याची लेक.

भुसावळ_जंक्शन
मावशी, उमेद वाढवताय की घाबरवताय? 😂

रावेरची_मावशी
अरे बाळा, कामाचंच सांगते. त्या लिहीत नव्हत्या, गात होत्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून ठेवलं म्हणून आचार्य अत्र्यांच्या हातात वही पडली. उतरवलं नव्हतं ते वाऱ्यावर गेलं. तुमच्याकडे काय आहे? एकाच फोनात सगळी कादंबरी. फोन विहिरीत पडला म्हणजे? रोज रात्री स्वतःलाच मेल करायचा, फाईलच्या नावात तारीख टाकून. 'शेवटची', 'शेवटची २', 'खरी शेवटची' अशी नावं नकोत. आणि प्रत्येक खर्ड्याचा एक कागदी प्रिंट.

पारोळेकर
'खरी शेवटची' वाचून पाणी सांडलं कीबोर्डवर

कळण्याची_भाकर
मावशी, 'उतरवलं नव्हतं ते वाऱ्यावर गेलं' मध्ये ऱ्या नीट दिसतोय, युनिकोड आहे 😀

शहादा_रोड
एक विचारायचं होतं. कादंबरी तयार आहे, प्रकाशक म्हणतात खर्च तुम्ही करा. हे बरोबर आहे का? किती धरायचे?

फर्मा
दादा, आधी हिशोब समजून घ्या, मग बरोबर की चूक ते आपोआप कळेल.

समजा किंमत २५०. विक्रेता-वितरक ४०% घेतो, गेले १००. लेखकाचं मानधन १०% धरलं तर २५. उरले १२५. त्यात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, गोदाम आणि न खपलेल्या प्रती. नव्या लेखकाची आवृत्ती पूर्वी हजाराची निघायची, आता तीनशे ते पाचशे. पाचशेतल्या दोनशे गोदामात राहिल्या की प्रकाशकाचं गणित बसत नाही. म्हणून नव्या नावाला तो कचरतो. याचा तुमच्या लेखणीशी संबंध असेलच असं नाही.

पैसे देऊनच काढायचं ठरवलंत तर कागदावर घ्या: एकूण प्रती किती, तुमच्या ताब्यात किती, उरलेल्या विकल्या तर पैसे कुणाचे, कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती जाड (आतला ७० मॅपलिथो चालतो, त्याच्या खाली मागची अक्षरं दिसतात), दुसऱ्या आवृत्तीचा हक्क कुणाचा. आयएसबीएनचे (पुस्तकाचा ओळखक्रमांक) वेगळे पैसे कुणी लावले तर सावध व्हा, भारतात राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते.

पानांचं पण बघा. डेमी आकाराच्या पुस्तकात ऑफसेटचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, १६ पानांचा. १६० पानं म्हणजे बरोबर १० फर्मे. तुमची १६३ झाली तर अकरावा फर्मा लागतो आणि १३ पानं कोरी जातात, पैसे मात्र पूर्ण. तीन पानं कापा. कापता येतात, नेहमी येतात. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, श्रेयनामावली हे सगळं त्या १६० मध्येच धरायचं. डिजिटल छपाईत हे बंधन एवढं नाही, पण एका प्रतीचा दर जास्त पडतो.

शहादा_रोड
१३ पानं कोरी! धन्यवाद भाऊ. आणि करारात अजून काय बघायचं?

कोर्टाजवळचा
१९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १९. हक्क लेखी आणि सही करूनच देता येतात, तोंडी दिलेला धरला जात नाही. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि करारात वेगळं काही नसेल, तर प्रकाशकाने एका वर्षात हक्क वापरला नाही की तो संपतो. म्हणजे हस्तलिखित तीन वर्षं कपाटात ठेवणाऱ्याकडून ते परत घेता येतं, भांडायची गरज नाही, एक पत्र पुरतं.

'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं वाक्य दिसलं तर सही करू नका. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे तीन हक्क वेगळे लिहून घ्या. नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणी कॉपीराइट तुमचाच असतो, त्यामुळे 'आधी नोंदणी, मग पाठवतो' म्हणून वर्ष घालवू नका.

मास्तर_अमळनेर
शहादाकर, पैसे भरण्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पहिल्या पुस्तकासाठीच आहे. हस्तलिखित तपासून घेतात, मान्य झालं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. जाहिरात आली की अटी शब्दशः वाचा, पानांची मर्यादा आणि जोडायचे कागद यातच अर्ज अडकतात. पुस्तक निघाल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारात पहिल्या पुस्तकांचा वेगळा गट असतो. त्यातला कवितेचा पुरस्कार मावशींच्या आसोद्याच्या लेकीच्याच नावाने आहे.

रावेरची_मावशी
घ्या!

तावडीवाला
आमना प्रश्न राही गया भो. संवाद अहिराणीत लिहिले तर पुण्याचे प्रकाशक घेतात का? माले वाटस घेत नहीत.

प्रूफवाचक
घेतात दादा. अडचण बोलीची नसते, एकाच शब्दाची तीन रूपं असतात त्याची असते. एका पानावर 'राहिना', दुसऱ्यावर 'ऱ्हायना', तिसऱ्यावर 'रायना'. मग शोधकाला वाटतं चूक आहे आणि तो प्रमाण करून टाकतो. त्यासाठी एक पान शब्दयादी करा: चाळीस-पन्नास शब्द, तुम्ही ठरवलेलं लेखन, समोर अर्थ. हस्तलिखिताच्या पहिल्या पानाआधी जोडा आणि वर ठळक लिहा, 'हे शब्द बदलू नयेत'. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत हा सोपा रस्ता. निवेदनही बोलीत असेल तर पहिल्या दोन पानांत शब्दाचा अर्थ प्रसंगातूनच कळला पाहिजे. वाचक तळटीप बघायला खाली जातो आणि कधीकधी वर येतच नाही.

लेवा गणबोली आणि अहिराणी मिसळू नका. यावल-रावेरचं पात्र धुळ्यासारखं बोललं की खान्देशातला वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

आणि देवाच्यान सांगतो, 'शोधा आणि बदला' वापरू नका. 'शे'च्या जागी 'आहे' एका फटक्यात बदललं की 'शेत'चं 'आहेत' होतं आणि शेवभाजीची आहेवभाजी.

केळीचा_घड
आहेवभाजी 🤣🤣 एक प्लेट आहेवभाजी, तर्री जास्त

भुसावळ_जंक्शन
सोबत कळण्याची भाकर. ती धाग्यात आहेच.

कळण्याची_भाकर
पापड झाले! आता मला सांगा, कादंबरी प्रकाशकाला पूर्ण पाठवायची की थोडी?

फर्मा
आधी विचारपत्र. त्यात एक पानाचा सारांश, शेवटासकट (शेवट लपवू नका, संपादकाला उत्सुकता नको असते, बांधणी बघायची असते). पहिली तीन प्रकरणं किंवा ५० पानं. स्वतःची ओळख शंभर शब्दांत. प्रत्येक पानावर पानक्रमांक आणि शीर्षक, कारण प्रिंट काढल्यावर कागद विस्कटतात. 'माझ्या मित्रांना फार आवडली' हे वाक्य काढून टाका.

एकावेळी तीन-चार प्रकाशकांना विचारपत्र चालतं. पूर्ण हस्तलिखित मात्र एकाकडेच.

अंकवाली_ताई
आणि पाठवल्या दिवसापासून दीड महिना त्या फाईलला हात लावायचा नाही. नंतर मोठ्याने वाचायची. जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीने टिंब, फक्त टिंब. टिंबांची पानं आधी दुरुस्त. मधल्या दीड महिन्यात दुसरी कथा. वहीत एका वेळी निदान तीन ओळी 'बाहेर' असल्या की एकीचा नकार तेवढा लागत नाही.

तावडीवाला
प्रूफवाचक भाऊ, ती शब्दयादी एखादी तयार असेल तर टाका ना इथे, नमुना म्हणून.

प्रूफवाचक
टाकतो. सकाळपासून लाईट नाही, फोन ८ टक्क्यांवर आहे.

वाघूरकाठ
इकडे पण नाही. पाकिटं वाऱ्याला गच्चीवर मांडलीत, शेजारी कुरडया. शब्दयादी आली की वरच्या पोस्टमध्ये जोडतो.